गाऱ्हाण्याला जागा देणारी श्रद्धा
कर्करोगाचे उपचार आणि ख्रिस्ती विश्वास : एक आढावा

बायॉप्सीचा रिपोर्ट हाती आला की ख्रिस्ती घरातून बहुधा दोन फोन जातात. एक ओळखीच्या डॉक्टरांना, दुसरा धर्मगुरूंना किंवा पाळकसाहेबांना. पहिल्या फोनवर पुढचे सगळे ठरू लागते : कुठे दाखवायचे, केमो किती, रेडिएशनचे 'लाईट' किती, ऑपरेशन आधी की नंतर, पैसे कुठून आणायचे. दुसऱ्या फोनवर 'आम्ही प्रार्थना करतो' एवढेच ठरते. खरा प्रश्न मात्र तसाच राहतो. ज्या देवाला आजवर बाप म्हटले, त्याला या आजारात काय म्हणायचे?

हा प्रश्न मोजक्या घरांचा नाही. जागतिक अंदाजानुसार २०२२ साली भारतात कर्करोगाचे सुमारे १४ लाख नवे रुग्ण सापडले आणि नऊ लाखांहून अधिक माणसे दगावली. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रातले ख्रिस्ती सुमारे १० लाख ८० हजार होते. वसईतले धर्मग्राम असोत, अहिल्यानगर-सोलापूरकडच्या मंडळ्या असोत की मुंबईतली चर्चेस, रविवारच्या उपासनेत आजाऱ्यांची नावे घेतली जातात तेव्हा कर्करोगाचा एखादा तरी रुग्ण त्यांत असतोच. या रुग्णांना धर्मशास्त्राने काय दिले, ज्यांनी आजारातून लिहिले त्यांनी काय सांगितले, संशोधनातून काय दिसले आणि आपल्या मंडळ्यांत काय चालते, याचा आढावा एकत्र घ्यायला हवा. माझे मत आधीच सांगतो. बरे होण्याच्या हमीवर उभी असलेली श्रद्धा उपचारांच्या धकाधकीत लवकर मोडते. देवापुढे गाऱ्हाणे मांडायची मुभा आणि सोबतीला माणसे असतील, तर ती टिकते.

'माझं काय चुकलं?'

निदानानंतर रुग्ण आधी स्वतःचीच झडती घेतो. कोणते पाप आडवे आले, कोणता नवस राहिला, कोणाचा तळतळाट लागला? नातेवाईक हे तोंडावर बोलत नसले, तरी मनात मोजदाद करतात. ख्रिस्ती घरांनी याबाबतीत तरी शुभवर्तमान नीट वाचायला हवे. योहानाच्या नवव्या अध्यायात शिष्य जन्मांध माणसाकडे बोट दाखवून पाप कोणाचे, त्याचे की आईबापांचे, असे विचारतात. येशू दोन्ही पर्याय फेटाळतो. लूकच्या तेराव्या अध्यायात शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा जण मेल्याचा उल्लेख आहे. ते इतरांपेक्षा अधिक पापी होते, हेही येशू मान्य करत नाही. आजार आणि अपराध यांची गाठ त्याने स्वतः सोडवली. ती पुन्हा बांधण्याचा अधिकार त्याच्या अनुयायांना नाही.

ईयोबाचा ग्रंथ याहून कडक आहे. त्याचे तीन मित्र भेटीला येतात, त्याची अवस्था पाहून सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसतात आणि एक शब्दही बोलत नाहीत. त्यांच्या हातून झालेली सर्वांत चांगली गोष्ट हीच. पुढे ते तोंड उघडतात, देवाची बाजू घेतात, दुःखाची कारणे सांगतात आणि ईयोबाला दोषी ठरवतात. शेवटी देव त्यांच्यावरच रागावतो, आणि रडून-भांडून बोललेला ईयोब आपल्याविषयी खरे बोलला, असा निवाडा देतो. रुग्णाला भेटायला जाणाऱ्या प्रत्येकाने घरून निघण्यापूर्वी हा ग्रंथ आठवावा.

तरीही 'यामागे देवाची योजना आहे' हे वाक्य आपल्याकडे सहज दिले जाते. अमेरिकन पाळक जॉन पायपर यांनी २००६ साली, स्वतःच्या प्रोस्टेटच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेच्या पूर्वसंध्येला, एक छोटा लेख लिहिला. हा आजार देवानेच योजला आहे, तेव्हा तो वाया घालवू नका, असा त्याचा आशय होता. अनेक रुग्णांना त्या लेखाने बळ दिले. पण तो लिहिणारा माणूस स्वतः ऑपरेशन टेबलाच्या उंबऱ्यावर होता, हे विसरता येत नाही. आपल्या दुःखात अर्थ शोधण्याचा हक्क रुग्णाचा. खाटेशेजारी खुर्ची ओढून बसलेल्या धडधाकट पाहुण्याने तो अर्थ त्याच्या हाती ठेवणे वेगळे, आणि बहुतेक वेळा क्रूर.

चंगाईचे आश्वासन

केट बोलर या अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात ख्रिस्ती धर्माचा इतिहास शिकवतात. श्रद्धा पुरेशी असेल तर देव आरोग्य आणि संपत्ती देतोच, असे सांगणाऱ्या पंथांचा इतिहास त्यांनी २०१३ साली ग्रंथरूपाने मांडला. दोन वर्षांनी, ३५व्या वर्षी, त्यांना आतड्याचा चौथ्या स्टेजचा कर्करोग निघाला. त्यानंतर त्यांनी लिहिलेल्या लेखात एक प्रसंग आहे. शेजारीण दारात येऊन त्यांच्या नवऱ्याला म्हणते की प्रत्येक गोष्टीमागे कारण असते. तो म्हणतो, मग ते कारण मला ऐकायला आवडेल. ज्या शिकवणीचा अभ्यास त्या वर्षानुवर्षे बाहेरून करत होत्या, तिची मुळे आपल्याही मनात आहेत, हे त्यांना आजारात उमगले. आपण चांगले वागलो, तेव्हा आपल्याला वाईट काही होणार नाही, हा हिशेब श्रद्धावंतांच्या मनात खोलवर रुतलेला असतो.

आपल्याकडच्या चंगाई सभांत, म्हणजे प्रार्थनेने आजार बरे करण्याच्या सभांत, हाच हिशेब मोठ्या आवाजात मांडला जातो. बऱ्या झालेल्यांच्या साक्षी व्यासपीठावर होतात. जे बरे झाले नाहीत त्यांना व्यासपीठ मिळत नाही, आणि विश्वास कमी पडला हा ठपका मात्र त्यांच्याच माथी येतो. कर्करोगाने शरीर पोखरलेल्या माणसावर अविश्वासाचाही आरोप ठेवणे हा धर्माच्या नावाने केलेला अन्याय आहे. नव्या करारात त्याला आधार नाही. पौलाने आपल्या शरीरातला काटा निघावा म्हणून तीनदा विनंती केली. काटा निघाला नाही. त्याचा सहकारी त्रफिम मिलेतात आजारी राहिला. तीमथ्याला पोटाच्या दुखण्यासाठी त्याने थोडा द्राक्षारस घेण्याचा सल्ला दिला. यांपैकी कोणाच्याही विश्वासावर कोणी बोट ठेवले नाही.

आणखी मोठा धोका उपचार सोडण्याचा. अमेरिकेत २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, पसरण्याआधी सापडलेल्या कर्करोगावर प्रचलित उपचार न घेता केवळ पर्यायी उपचार घेणाऱ्या २८१ रुग्णांची तुलना प्रचलित उपचार घेणाऱ्यांशी केली गेली. पहिल्या गटात मृत्यूचा धोका सुमारे अडीच पट होता. आपल्याकडे १९५४च्या औषधे व जादूचे उपाय कायद्यानुसार कर्करोग बरा करण्याच्या जाहिरातींना बंदी आहे, कारण या आजारातली भीती विकली जाते हे तेव्हाच्या लोकप्रतिनिधींनाही दिसत होते.

खरे तर प्रार्थना आणि औषध यांचे वैर बायबलमध्ये नाहीच. हिज्कीया राजा मरणाला टेकला तेव्हा तो भिंतीकडे तोंड करून रडला. देवाने त्याला पंधरा वर्षांचे आयुष्य वाढवून दिले, आणि त्याच वेळी यशया संदेष्ट्याने त्याच्या गळवावर अंजिरांचा लेप बांधायला लावला. प्रार्थना ऐकली गेली, लेपही लागला. महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती मिशनचा इतिहासही हेच सांगतो. मिशनरी डॉक्टर विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली मिरजेत रुग्णालय उभारले ते येशूच्या नावाने, आणि त्यात हत्यार चालले ते शल्यचिकित्सेचे. केमोचा दिवस सोडून सभेला जा, असे सांगणारा या वारशाशी फारकत घेतो.

आतून लिहिलेले

ख्रिस्ती लेखक सी. एस. लुइस यांचे उदाहरण या विषयात टाळता येत नाही. दुःखाचा प्रश्न त्यांनी १९४० साली एका पुस्तकात तर्काने सोडवला होता. १९५७च्या मार्चमध्ये ऑक्सफर्डच्या रुग्णालयात, कर्करोगाने हाडे पोखरलेल्या जॉय डेव्हिडमन यांच्याशी खाटेशेजारीच त्यांचा ख्रिस्ती विवाह झाला. विवाह लावणाऱ्या धर्मगुरूंनी जॉय यांच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. आजार हटला, त्या हिंडू-फिरू लागल्या. दोन वर्षांनी तो उलटला आणि जुलै १९६० मध्ये त्या गेल्या. पुढच्या वर्षी लुइस यांनी टोपणनावाने काढलेल्या छोट्या पुस्तकात संताप आहे, देवाच्या मौनाची तक्रार आहे आणि तर्काची जुनी शिस्त कोलमडल्याची कबुली आहे. तरी ते पुस्तक अविश्वासाकडे जात नाही. देवाविषयीच्या आपल्या कल्पना मोडल्या, आणि त्या मोडणे गरजेचे होते, इथवर ते येते.

शिकागोचे कार्डिनल जोसेफ बर्नार्डिन यांना १९९५ साली स्वादुपिंडाचा कर्करोग झाला. रोज पहाटे प्रार्थनेला बसणाऱ्या या माणसाला शस्त्रक्रियेनंतरच्या वेदनेत प्रार्थनाच करता येईना. भेटायला येणाऱ्यांना त्यांनी सांगितले की धट्टेकट्टे आहात तोवर प्रार्थना करून ठेवा. आजारात ती जमेलच असे नाही. पुढचे जवळजवळ दीड वर्ष ते इतर रुग्णांना भेटत राहिले, पत्रे लिहीत राहिले, आणि नोव्हेंबर १९९६ मध्ये वारले. त्यांच्या कबुलीने किती रुग्णांच्या मनावरचे ओझे उतरले असेल! केमोच्या तिसऱ्या-चौथ्या दिवशी मळमळ, तोंडातले फोड आणि डोक्यातला धुरळा यांत जपमाळेचे एक दशक पुरे होत नाही, तेव्हा रुग्णाला वाटते की आपली श्रद्धा आटली. आटलेली नसते, शरीर थकलेले असते. अशा वेळी त्याच्या वतीने दुसऱ्याने प्रार्थना म्हणायची असते. मंडळी असते ती यासाठीच.

न्यूयॉर्कचे पाळक टिमोथी केलर यांनी दुःख आणि देव यांवर २०१३ साली जाड पुस्तक लिहिले होते. २०२० साली त्यांना स्वतःला स्वादुपिंडाचा कर्करोग झाला. पुढच्या वर्षीच्या एका लेखात त्यांनी लिहिले की इतरांना आयुष्यभर दिलेली उत्तरे आपल्या वाट्याला आली तेव्हा ती डोक्यात होती, अंतःकरणात उतरलेली नव्हती. ती उतरवायला त्यांना स्तोत्रे, ध्यान आणि पुनरुत्थानाच्या पुराव्यांचा नव्याने अभ्यास करावा लागला. ते मे २०२३ मध्ये वारले. ३९व्या वर्षी असाध्य रक्तकर्करोगाचे निदान झालेले धर्मशास्त्राचे प्राध्यापक टॉड बिलिंग्स यांनी विलापाच्या स्तोत्रांनाच आपल्या पुस्तकाचा कणा केले. या सगळ्यांचे पंथ वेगळे, स्वभाव वेगळे. तरी एका ठिकाणी सगळे भेटतात : त्यांनी देवापुढे खोटे बोलणे सोडले.

विलापाचा हक्क

बायबलमधल्या १५० स्तोत्रांपैकी जवळजवळ एक तृतीयांश स्तोत्रे गाऱ्हाण्यांची आहेत. बहुतेकांचा शेवट विश्वासाकडे वळतो; ८८वे स्तोत्र मात्र अंधारातच संपते. ज्यांनी हा ग्रंथ उपासनेसाठी जपला, त्यांनी तेही गाळले नाही. गेथशेमाने बागेत येशूने आपल्यापुढचा प्याला टळावा अशी विनंती केली आणि वधस्तंभावर २२व्या स्तोत्राच्या शब्दांत आपला त्याग झाल्याचा आक्रोश केला. ज्या धर्माच्या मध्यभागी असा आक्रोश आहे, त्यात रुग्णाने सतत हसतमुख राहावे ही अपेक्षा येते कुठून?

मराठी ख्रिस्ती माणसाला तर हा वारसा दोन्हीकडून मिळाला आहे. विठ्ठलाशी भांडणारी, त्याला जाब विचारणारी, रुसणारी भक्ती या मातीत शतकानुशतके आहे. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेले कवी नारायण वामन टिळक आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे सांगत. त्या पुलावरून केवळ प्रेमाची भाषा आली नाही, तक्रारीची भाषाही आली. तरी आपल्या प्रार्थनासभांत 'प्रभूची इच्छा' म्हणून डोळे पुसायची घाई फार. रुग्ण रडू लागला की कोणीतरी गीत सुरू करते. त्याला रडू द्यावे. त्याच्या रडण्याची प्रार्थना होऊ द्यावी.

तेल, भाकर आणि मेण

श्रद्धा विचारात असते तेवढीच हाताला लागणाऱ्या गोष्टींत असते. आजाऱ्याला मंडळीच्या वडिलांनी तेल लावून प्रार्थना करावी, असे याकोबाच्या पत्रात सांगितले आहे. कॅथलिक परंपरेत कित्येक शतके हा संस्कार मरणाच्या उंबरठ्यावरच दिला जाई. म्हणून धर्मगुरू तेल घेऊन आले की घरात रडारड सुरू होई. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली ही समजूत बदलायला घेतली आणि १९७२ साली पोप सहावे पॉल यांनी नवा विधी लागू केला. गंभीर आजारात, मोठ्या शस्त्रक्रियेपूर्वी, आजार बळावल्यास पुन्हाही तो घेता येतो. तरी आजही अनेक घरांत हा संस्कार भीतीपोटी शेवटपर्यंत लांबवला जातो आणि तोवर रुग्ण शुद्धीत नसतो. केमो सुरू होण्याआधीच धर्मगुरूंना बोलवावे, हे प्रत्येक धर्मग्रामात स्पष्ट सांगायला हवे.

पांढऱ्या पेशी कमी झाल्या की डॉक्टर गर्दी टाळायला सांगतात. तेव्हा रविवारची मिस्सा चुकते, आणि जन्मभर न चुकवलेल्या माणसाला ते आजाराइतकेच लागते. चर्चचा नियम इथे मऊ आहे. आजाऱ्यावर मिस्सेचे बंधन नाही, ख्रिस्तप्रसादापूर्वीचा एक तासाचा उपवास त्याला नाही, उपवासकाळातले निर्बंधही नाहीत. ख्रिस्तप्रसाद घरी येऊ शकतो. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत पाळकसाहेब घरी प्रभुभोजन देऊ शकतात. सामायिक प्याल्यातून घेणे अशा काळात टाळावे. प्रथिनांची गरज असताना चाळीस दिवसांच्या उपवासकाळात मासे-अंडी सोडून बसलेल्या रुग्णाला, खाणे हीच आत्ता त्याची साधना आहे, असे धर्मगुरूंनीच सांगितले तर तो ऐकेल.

वांद्र्याच्या मोत माउलीच्या (माउंट मेरीच्या) जत्रेत सप्टेंबरमध्ये मेणाचे हात, पाय आणि इतर अवयव वाहिले जातात. ख्रिस्ती वाहतात तसेच हिंदू, पारशी, मुसलमानही. काही शिकलेल्यांना हे भाबडे वाटते. मला त्यात शरीराची प्रार्थना दिसते. शब्द सुचत नाहीत तेव्हा माणूस दुखरा अवयवच माउलीच्या पुढे ठेवतो. त्या मेणाला औषधाची जागा मात्र देऊ नये, एवढे पथ्य पाळले की पुरे.

संशोधन काय सांगते

या विषयावर गेल्या दोन-तीन दशकांत बरेच संशोधन झाले आहे, मुख्यतः अमेरिकेत. २०१५ साली ४४ हजारांहून अधिक रुग्णांवरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. श्रद्धेतून शांती आणि अर्थ लाभलेल्या रुग्णांनी आपली शारीरिक-मानसिक स्थिती अधिक चांगली असल्याचे सांगितले होते. श्रद्धेमुळे गाठ विरघळते असा त्याचा अर्थ नाही. आजार पेलण्याची ताकद वाढते, इतका तो आहे. दुसरीकडे, देवाने मला टाकले, देव मला शिक्षा करतो आहे, अशा भावनेने झुरणाऱ्या आजारी वृद्धांत मृत्यूचे प्रमाण अधिक असल्याचे केनेथ पार्गमेंट आणि सहकाऱ्यांनी २००१ साली दाखवले. श्रद्धा आहे की नाही यापेक्षा ती कशी आहे, हे महत्त्वाचे. भीतीवर वाढवलेली श्रद्धा आजारात रुग्णालाच चावते.

अस्वस्थ करणारा एक निष्कर्ष २००९चा आहे. विकोपाला गेलेल्या कर्करोगाच्या ३४५ रुग्णांत, देवावर अधिक भार टाकणाऱ्यांनी अखेरच्या काळात कृत्रिम श्वसनयंत्र घेण्याचे प्रमाण ११.३ टक्के होते, तर इतरांत ३.६ टक्के. चमत्काराची वाट पाहताना यंत्र काढा म्हणणे त्यांना अविश्वास वाटला असावा. याच संशोधकांच्या गटाच्या पुढच्या अभ्यासात आढळले की केवळ धार्मिक मंडळीचा आधार असलेले रुग्ण अखेरीस अतिदक्षता विभागाकडे अधिक झुकले, आणि रुग्णालयाच्या चमूनेही त्यांच्या आध्यात्मिक गरजांची दखल घेतली तेव्हा हॉस्पिसचा, म्हणजे अखेरच्या काळात वेदना शमवणाऱ्या शुश्रूषेचा, मार्ग अधिक निवडला गेला. डॉक्टर आणि धर्मगुरू यांनी एकमेकांशी बोलायला हवे, असाच याचा अर्थ मला दिसतो.

शेवटच्या टप्प्यातली श्रद्धा

कॅथलिक शिकवणीत अतिकष्टदायक, निष्फळ उपचार नाकारण्याला आत्महत्या मानत नाहीत. वेदनाशामकांबाबत पोप बारावे पायस यांनी १९५७ सालीच वैद्यांना उत्तर दिले होते : वेदना शमवण्यासाठी दिलेल्या औषधाने आयुष्य थोडे घटण्याचा संभव असला तरी ते देता येते. तरीही मॉर्फिन म्हणजे मरण, किंवा दुःख सोसले तरच पुण्य, या समजुती घट्ट आहेत. ख्रिस्ताच्या दुःखात सहभागी होणे ही फार मोठी गोष्ट. पण ती ज्याची त्याने निवडायची. भावाने किंवा सुनेने रुग्णावर लादायची नाही.

आधुनिक हॉस्पिसच्या जन्मातच ख्रिस्ती श्रद्धा आहे. सिसिली सॉन्डर्स यांनी १९४८ साली लंडनमध्ये मरणाच्या दारात असलेल्या एका पोलिश ज्यू निर्वासिताची सोबत केली. त्याने ठेवलेल्या ५०० पौंडांपासून सुरू झालेला प्रवास १९६७ साली सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिसपर्यंत पोहोचला. वेदना शरीराची, मनाची, नात्यांची आणि आत्म्याची एकत्रच असते, हे त्यांनी वैद्यकाला शिकवले. त्यांची श्रद्धा गाढ होती, आणि त्यांचे दार सगळ्यांना खुले होते. भारतातले पहिले हॉस्पिस, शांती आवेदना सदन, १९८६ साली वांद्र्यात सुरू झाले. परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातले शल्यविशारद डॉ. लुइस डिसूझा यांनी ते उभारले. तिथे कोणाचा धर्म विचारला जात नाही. दुसऱ्या बाजूला, गावाहून परळला उपचारांसाठी येणाऱ्या ख्रिस्ती कुटुंबांनाही दादरची गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आसरा देते. देवाने मदत पाठवली ती कोणाच्या हाताने, हे ओळखणे हाही श्रद्धेचाच भाग आहे.

मंडळीने काय करावे

या सगळ्यातून काही कामे उघड दिसतात. प्रत्येक धर्मग्रामात आणि मंडळीत रुग्णभेटीचे शिक्षण द्यावे : किती वेळ बसायचे, काय बोलायचे नाही, वास येणारी फुले आणि सर्दी घेऊन जायचे नाही. परळच्या खेपांसाठी गाडी, डबा, मुलांची शाळा, रक्तदाते यांची यादी महिला संघाने आणि तरुण संघाने तयार ठेवावी. बऱ्या झालेल्यांबरोबर, बरे न होताही विश्वासात राहिलेल्यांच्या साक्षी उपासनेत व्हाव्यात. विलापाच्या स्तोत्रांची एक संध्या वर्षातून एकदा तरी असावी, आणि तिला रुग्णांच्या घरच्यांना आवर्जून बोलवावे. सगळ्यांत एकटे तेच पडतात.

बरे होण्यासाठी प्रार्थना जरूर करावी, पोटतिडकीने करावी. येशूनेही आजाऱ्यांना बरे केले, त्यांना सहनशीलतेवर प्रवचन दिले नाही. पण त्या प्रार्थनेचे उत्तर 'नाही' आले तरी रुग्णाला आपल्यात जागा राहील, एवढी आपली मंडळी रुंद असली पाहिजे. तो रागावलेला असेल, त्याची प्रार्थना थांबलेली असेल, तो देवाचे नाव घ्यायला तयार नसेल. तरी त्याचा डबा पोहोचला पाहिजे आणि त्याच्या वाटची प्रार्थना कोणीतरी केली पाहिजे. रुग्णाची श्रद्धा टिकली की नाही याची परीक्षा घेण्याआधी मंडळीने आपली श्रद्धा त्याच्या खाटेशी सिद्ध करावी.